जुना वाडा दुरुस्त करायचाय? आधी एक पावसाळा नुसता बघा

"वाडा दुरुस्त करायचाय, साधारण किती खर्च येईल?" असा फोन वर्षाकाठी दहा-बारा वेळा येतो. मी उलट विचारतो, "गेल्या पावसात कुठं कुठं गळलं?" पलीकडे शांतता. कुणी म्हणतं, "गळतं तसं सगळीकडंच." मग मी म्हणतो, हा पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर बोलू. काहींना राग येतो. ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावतात, भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून घेतात आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा फोन करतात.

मी वास्तुविशारद नाही. वाईच्या बाजूला आमचा दोन चौकांचा वाडा आहे, त्याच्या मागं लागून सोळा वर्षं झाली आणि अजून मागचा चौक बाकी आहे. त्यात जे शिकलो, जे चुकलो, आणि पुढं नातेवाइकांच्या, ओळखीच्यांच्या वाड्यांत जे पाहिलं, ते क्रमानं लिहितो. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, विटांच्या किंवा दगड-मातीच्या भिंती, वर कौलं किंवा माळवद (मातीचं सपाट छत), अशा घरांसाठी हे आहे. लोखंडी गर्डरच्या किंवा आरसीसीच्या जुन्या इमारतींचं शास्त्र वेगळं.

पावसाळ्यातली वही

जूनच्या आधी एक वही करा आणि वाड्याचा ढोबळ नकाशा त्यात काढा. पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन बाहेर उभे राहा. पागोळ्या नेमक्या कुठं पडतात? जोत्यापासून लांब पडतात की जोत्याच्याच दगडावर? चौकातलं पाणी किती वेळात ओसरतं, आणि ओसरताना कुठल्या कोपऱ्यात थांबतं? पन्हळीतलं पाणी खाली येतं की मधेच भिंतीवर उतरतं? मग आत या. गळती दिसली की नकाशावर फुली मारा आणि तारीख लिहा. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी पुन्हा फिरा, कारण काही ओल तेव्हाच वर येते. जमिनीतून चढलेली ओल साधारण कमरेपर्यंत पट्ट्यासारखी दिसते आणि वरच्या कडेला पांढरा लोणा (खारट पापुद्रा) धरते. कौलातून आलेली ओल वरून खाली ओघळलेली असते. दोन्हींचे उपाय निराळे आहेत, आणि डाग बघून हे ओळखता येत नसेल तर अजून कशालाच हात लावू नका.

आमच्याकडं पुढच्या ओसरीचे दोन खांब खाली काळे पडले होते. सगळे म्हणाले, वाळवी. मी वाळवीचं औषध मारून घेतलं, पैसे गेले. पुढच्या पावसात वही घेऊन बसलो तेव्हा दिसलं की चौकातलं पाणी उतारानं मोरीकडं जायच्या ऐवजी ओसरीकडं येतंय. चौकात कधीतरी शहाबादी फरशी घातली होती, तिच्यावर नंतर सिमेंटचा कोबा. खांबाच्या बुडाशी फरशी फोडली तर नऊ इंच खाली घडीव दगडाचा सुंदर तळखडा निघाला. बांधणाऱ्यानं खांब पाण्यापासून वर राहावा म्हणून तो बसवला होता, आणि आम्ही दोन पिढ्या मिळून त्याला पुरून टाकला होता. लाकडाचं बूड हातात घेतलं तर ओल्या भुश्शासारखं चुरलं. त्याच्या फूटभर वर तेच सागवान इतकं टणक की खिळा वाकला.

म्हणून वहीतलं पहिलं काम बहुतेक वेळा फावड्याचं निघतं: चौकाची आणि बाहेरच्या गल्लीकडची चढलेली पातळी खाली आणणं, मोरीचा जुना मार्ग मोकळा करणं, पागोळ्यांच्या रेषेत दगडी चर काढून पाणी बाहेर नेणं. वाड्याच्या आत एक रुपया घालण्याआधी हे करा. गल्लीची पातळी नगरपालिकेनं वाढवली असेल तर ती तुमच्या हातात नसते. तिथं निदान भिंतीलगत वीतभर रुंदीचा खडीनं भरलेला चर ठेवा, म्हणजे भिंतीचा पाय श्वास घेईल.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथं घाई केली तर पुढं काम थांबतं. मिळकत पत्रिकेवर किती नावं आहेत ते आधी पाहा. दहा वारसांतला एक नागपुरात, एक अमेरिकेत, आणि एकाचं नाव अजून चढलेलंच नाही, ही महाराष्ट्रातल्या वाड्यांची सर्वसाधारण कुंडली. सगळ्यांची लेखी संमती घ्या. भाडेकरू असतील तर दुरुस्तीच्या काळात ते कुठं राहतील आणि परत येतील हे कागदावर लिहून द्या. भाडेकरूला शंका आली की तो कोर्टात जातो, आणि त्यात त्याची चूक नसते.

मग तुमचा वाडा कुठं येतो ते तपासा. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत असेल तर तो प्रतिबंधित क्षेत्रात येतो आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्रात. शनिवारवाड्याच्या आसपासच्या कसब्यातल्या कित्येक वाड्यांना हे लागू आहे. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, पण १६ जून १९९२ च्या आधी उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. "काहीच करू देत नाहीत" असं सांगणारे दलाल भेटतील, त्यांचं ऐकू नका. याशिवाय महापालिकेच्या वारसा यादीत नाव आहे का, आणि कुठल्या श्रेणीत, ते पाहा. मुंबईत १९९५ पासून अशी नियमावली आहे, पुण्यातही वारसा समिती आहे. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीच बदलता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत बाहेरचं रूप राखून आत बदल करता येतात, तिसऱ्यात त्याहून मोकळीक असते. यादीत असणं म्हणजे संकट असं मालक समजतात. खरं तर यादीत नसलेला वाडा जास्त धोक्यात असतो, कारण तो पाडायला कुणी विचारत नाही.

पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस आली तर ती फाडून टाकू नका. लाकडी इमारतीची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल घ्या, तातडीचे टेकू लावा आणि तसं लेखी कळवा. इंजिनियर निवडताना एकच प्रश्न पुरतो: "तुम्ही चुन्यात आणि लाकडात केलेलं काम बघायला मी कुठं येऊ?" पत्ता मिळाला तर पुढं बोला.

मोजणी, नंबर आणि भेगा

वाड्याची मोजमापं घेताना खण हे एकक धरा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, जुन्या माणसांनी वाडा खणांतच मोजला. प्रत्येक खांबाला, तुळईला, कडीला (तुळयांवर टाकलेल्या आडव्या लाकडाला) नंबर द्या. आम्ही पत्र्याचे छोटे बिल्ले ठोकले, कारण खडूचे आकडे पहिल्याच आठवड्यात पुसले गेले. नंबर नसेल तर उतरवलेल्या चाळीस कड्या परत चढवताना सुतार प्रत्येकीला थोडं थोडं तासतो, आणि शेवटी एकही नीट बसत नाही.

भेग दिसली म्हणून घाबरायचं नाही. ती जिवंत आहे की मेलेली हे आधी कळलं पाहिजे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. वर्षभरात काच तडकली नाही तर भेग जुनी आहे, ती चुन्यानं भरून टाका. तडकली तर भिंत अजून सरकते आहे आणि कारण पायात किंवा छतात शोधायचं आहे. ओळंबा सोडून भिंतीचा कल आणि पोट सुटलंय का तेही मोजून ठेवा. दगड-मातीच्या दुपदरी भिंतीत बाहेरचा पदर आतल्यापासून सुटून फुगतो. तिथं टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो.

लाकूड तपासायला लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी पुरते. खांबाच्या बुडाशी, तुळईची टोकं भिंतीत जातात तिथं, आणि कौलाखालच्या वाशांच्या वळचणीकडच्या टोकांशी टोचून बघा. ही तीन ठिकाणं कुजतात, मधलं लाकूड सहसा ठणठणीत असतं. सागवानाचा बाहेरचा फिकट भाग किडा खातो आणि भुसा पडतो. तेवढ्यावरून तुळई गेली असं समजू नका, आतला गाभा टोचून बघा. गाभा धरून असेल तर तुळई अजून तुमच्या नातवाला पुरेल. सुतार "बदलून टाकू" म्हणतो कारण बदलणं त्याला सोपं असतं. एवढ्या जाडीचं जुनं सागवान आता विकत मिळायचं झालं तर ते दुसरा कुठला तरी वाडा पाडूनच येतं.

कामाचा क्रम

टेकू, छत, सांगाडा, भिंती, जमीन, रंग. हा क्रम उलटा करू नका. पुष्कळ घरांत पैसे आधी रंगावर आणि फरशीवर खर्च होतात, कारण ते पाहुण्यांना दिसतं. मग कौलं फेरायला पैसे उरत नाहीत.

छत उघडायचं तर दिवाळीनंतर, आणि एका वेळी दोन-तीन खणांपेक्षा जास्त नाही. वर ताडपत्री नव्हे, बांबूवर पत्रे टाकून तात्पुरतं छप्पर करा. आमच्या भागात अवकाळी दरवर्षी येतोच. कौलं उतरवताना प्रत्येक कौल बोटानं वाजवून बघा: खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द आवाज आला तर बाजूला. मंगलोरी कौलं जुन्या मापाची शोधून मिळतात, नळीची कौलं मिळणं अवघड झालंय. म्हणून जी चांगली आहेत ती सगळी रस्त्याकडच्या आणि चौकाकडच्या पाखीवर (छताच्या उतारावर) घ्या आणि नवी मागच्या बाजूला टाका. रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलताना कौलांखाली प्लास्टिकची शीट घालायचा मोह होतो. घातली तर आतली वाफ तिथंच अडकून वाशांची टोकं कुजतात. घालायचीच तर वाफ जाऊ देणारी मेम्ब्रेन मिळते, ती घ्या, आणि वळचणीला हवा आत येईल एवढी फट ठेवा. पन्हळ मात्र मोठी करा. हल्लीचे पाऊस तासाभरात कोसळतात, आजोबांच्या काळची पन्हळ त्याला पुरत नाही.

खांबाचं बूड

ज्या खांबाचं बूड कुजलंय त्याच्या दोन्ही बाजूंना, तुळईखाली, जाड फळीच्या बैठकीवर टेकू उभे करा आणि स्क्रू जॅकनं हळूहळू भार घ्या. भार घ्यायचा, उचलायचं नाही. वरचा मजला एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर वरच्या भिंतींना नव्या भेगा पडतील. माझ्या ओळखीच्या एका वाड्यात कंत्राटदारानं गाडीचे जॅक लावून तुळई "सरळ" करायचा प्रयत्न केला. तिचा बाक शंभर वर्षं जुना होता, आणि लाकूड त्या बाकातच जिरलेलं होतं. तुळई सरळ झाली नाही, पण वरच्या देवघराची कमान फुटली.

भार टेकूंवर गेला की कुजका भाग कापून टाका, निदान वीतभर निरोगी लाकूड दिसेपर्यंत. त्याच जातीच्या जुन्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा लांब तिरक्या जोडानं बसवा. जोडाची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच-तीन पट तरी हवी, आणि स्टेनलेस स्टीलचे दोन-तीन बोल्ट आरपार. साधे लोखंडी बोल्ट ओलीनं गंजतात आणि लाकूड फाडतात. बुडाखाली तळखडा पुन्हा उघडा करा, लाकूड आणि दगड यांच्यामध्ये शिशाचा पातळ पत्रा ठेवा, म्हणजे दगडातली ओल वर चढणार नाही. खांबाभोवती सिमेंटचा चौथरा घालू नका. दहातले आठ खांब त्या चौथऱ्यातच कुजलेले मी पाहिलेत.

वाळवीचं वारूळ जमिनीतून येतं, म्हणून औषध जमिनीत आणि जोत्याच्या सांध्यात, ते करणाऱ्या माणसाकडून. कोरड्या राहणाऱ्या लाकडावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशनं मारलं तर किडा लागत नाही. पावसाचे शिंतोडे येतात तिथं ते धुऊन जातं, तिथं मारून उपयोग नाही. आणि लाकडावर चकचकीत व्हार्निश फासू नका. जवसाचं तेल पातळ हातानं, दोन-तीन वेळा, मधे वाळायला दिवस देऊन.

भिंती आणि चुना

जुन्या विटा आणि माती ओल शोषतात आणि सोडतात. चुनाही तसाच वागतो. सिमेंट तसं वागत नाही. सिमेंटचा गिलावा मारलात की भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. ते वर चढतं, तुळईच्या टोकाशी पोहोचतं, आणि भिंत बाहेरून कोरडी दिसत असताना आत लाकूड कुजत राहतं. शिवाय सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक असल्यानं ताण आला की सिमेंट नव्हे, वीट फुटते. म्हणून आधीचा सिमेंट गिलावा काढा, निदान खालचा कंबरभर, आणि भिंत वाळू द्या. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण महिना लागतो. दीड फूट जाड भिंत दीड वर्ष घेईल. घाईनं गिलावा केलात तर पहिल्याच हिवाळ्यात लोणा फुटेल.

आधीचा मसाला कशाचा आहे ते बघायचं असेल तर सांध्यातला खडा काढून त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, नाही आले तर माती. आमच्या वाड्यात बाहेरचे सांधे चुन्याचे आणि आतला गाभा सरळ मातीच्या गाऱ्याचा निघाला. मातीचा गाभा म्हणजे दोष नव्हे. कोरडा राहिला तर तो शतकभर टिकतो.

चुना पिशवीतून पूड काढून पाण्यात कालवून लगेच वापरायचा, असं हल्ली बहुतेक जण करतात. त्यापेक्षा कळीचा चुना, म्हणजे भट्टीतले पाणी न लागलेले खडे, आणा. लोखंडी पिंपात निम्म्याहून जास्त पाणी घ्या आणि त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. खड्यांवर पाणी ओतू नका, अंगावर उडेल. चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्याच. खडे आधी गप्प असतात, मग तडतडतात, मग पिंप उकळायला लागतं आणि वाफेबरोबर ओल्या दगडासारखा वास येतो. आमच्या गवंड्याच्या पोराला पहिल्यांदा वाटलं पिंपाला आग लागली. दांड्यानं ढवळत राहा, गार झालं की चाळणीतून गाळा आणि वर पाण्याचा थर ठेवून झाकून टाका. पंधरा दिवस किमान, तीन महिने उत्तम. मुरलेला चुना बोटावर लोण्यासारखा बसतो. म्हणून चुना भिजवणं हे पावसाळ्यातलं काम: बाहेर काही करता येत नाही आणि दिवाळीपर्यंत चुना तयार होतो.

दर्जा (विटा-दगडांमधले सांधे) भरायला आणि बांधकामाला एक भाग मुरलेला चुना, एक भाग विटांची सुरखी म्हणजे पूड, दोन भाग धुतलेली चाळलेली वाळू घेतो. सुरखी चांगल्या भाजलेल्या जुन्या विटांचीच दळा. पूर्वी चुन्याच्या घाणीला बैल जुंपून मसाला मळत. आम्ही गिरणीसारखं यंत्र भाड्यानं आणलं, तेही न मिळालं तर फावड्यानं इतकं मळायचं की मसाला स्वतः ओला होतो. पाणी घालून पातळ करायचा नाही. गूळ, बेलाचा गर, हिरडा यांचं पाणी जुन्या कारागिरांच्या पद्धतीत आहे, त्यानं मसाला चिकट होतो आणि कामाला वेळ मिळतो. मात्र भिजवलेल्या गुळाच्या नावाखाली कुणी फेव्हिकॉल घालत नाही ना, ते पाहा. मी पाहिलंय.

गिलाव्याआधी भिंत आदल्या दिवशी आणि सकाळी पुन्हा भिजवा. पहिला थर बोटभर, त्यात तागाचे कापलेले धागे घाला म्हणजे भेगा पडत नाहीत. आठवड्यानं दुसरा थर, पातळ. थर घट्ट व्हायला लागला की लाकडी थापीनं दाबत राहा, बारीक भेगा तिथंच मिटतात. मग ओली पोती टांगा आणि दोन-तीन आठवडे भिंत ओलसर ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून सावकाश पुन्हा दगड होतो, उन्हात एका दिवसात वाळला तर नुसती पूड राहते. म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रंग म्हणून चुन्याची सफेदी, हवी तर चिमूटभर नीळ किंवा गेरू घालून. ॲक्रिलिकचा "ओल रोखणारा" रंग लावलात तर एवढी सगळी मेहनत एका डब्यानं गुंडाळली.

माळवद असेल तर

सोलापूर, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), लातूर, बीडकडं कौलांऐवजी माळवद असतं: कड्या, वर चिपा (लाकडाचे चपटे तुकडे), वर पांढऱ्या मातीचा थर. गळायला लागलं की लोक त्यावरच नवी माती टाकतात, पुन्हा गळालं की पुन्हा टाकतात. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास होतं, म्हणजे तीन मीटर बाय तीन मीटरच्या खणावर साडेचार टन. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हे वजन आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती मिळून घरं बसली. पण त्याच गावांत, भिंती पडूनही खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिलेली घरंही होती. भूकंपानंतर लोकांनी दगडालाच दोष दिला. खरी उणीव अशी होती की भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते आणि भिंत सांगाड्याला कुठं धरलेली नव्हती.

तेव्हा माळवद दुरुस्त करताना आधी माती काढा, मूळ थरापर्यंत या आणि काढलेली माती तोलून बघा, तुम्हीच दचकाल. वर परत टाकताना पातळ थर, उतार नीट, आणि पाणी बाहेर फेकणारे पन्हळे लांब. भिंतीत दर मीटरभरावर आरपार दगड किंवा त्याजागी काँक्रीटचा तुकडा बसवा. इथं सिमेंट चालतं, कारण ते आत एका ठिकाणी बसलेलं असतं, पूर्ण भिंतीवर फासलेलं नसतं. कोपऱ्यांत आणि छताच्या पातळीवर लाकडी किंवा स्टीलची पट्टी फिरवून भिंती एकमेकींना बांधा. हे इंजिनियरला विचारूनच.

आता त्यात काय करायचं?

वाडा नुसता उभा ठेवता येत नाही, त्यात माणसं वावरली पाहिजेत. विश्रामबागवाडा पेशव्यांचं राहतं घर होतं, १८२१ मध्ये त्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढं कचेऱ्या आल्या. वापर बदलणं हे वाड्यांना नवीन नाही. पण वापर ठरवताना वाड्याला काय झेपतं ते आधी विचारा.

पुस्तकांचं वेड असलेले मित्र म्हणतात, वरच्या मजल्यावर ग्रंथालय करू. घरगुती वापराला चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, पुस्तकांनी भरलेल्या उंच कपाटांना त्याच्या तिप्पट. वाचायला वर बसा, कपाटं खाली जोत्यावर ठेवा. लग्नाचं कार्यालय, जिम, वरच्या मजल्यावर उपाहारगृह हे लाकडी वाड्याला सोसत नाही. होमस्टे, पाळणाघर, गाण्याचा वर्ग, छोटं कार्यालय, खाली चहा-नाश्त्याची जागा, हे सोसतं.

सगळ्यात जास्त वाडे मारतो तो संडास. होमस्टे करायचा म्हटलं की प्रत्येक खोलीला बाथरूम, आणि बाथरूम म्हणजे कडीपाटावर (कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या जमिनीवर) काँक्रीटचा खड्डा, त्यात पाइप. पाच वर्षांत खालच्या कड्या कुजतात आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आम्ही परसात वेगळी हलकी इमारत उभी केली, तिला झाकलेली पडवी जोडली. पाहुणे पावलं चार जास्त चालतात, तक्रार कुणी केली नाही. वर द्यायचंच असेल तर बाहेरच्या भिंतीलगतचा एक खण निवडा, कडीपाटाच्या वर स्टीलच्या हलक्या चौकटीवर जमीन उचला, खाली स्टीलचा ट्रे आणि त्याला स्वतंत्र निचरा, आणि सगळे पाइप बाहेरून, दिसतील असे. गळलं की लगेच दिसलं पाहिजे. पाइप दिसतो म्हणून वाड्याची शोभा जात नाही.

वीज दुसरी. २७ फेब्रुवारी १८२८ ला शनिवारवाड्याला लागलेली आग सात दिवस धुमसली. आतलं लाकूडकाम गेलं आणि मागं जोती आणि तट उरला. तेव्हा वीज नव्हती, आता आहे. जुनी वायरिंग पूर्ण काढून टाका. नवी वायर धातूच्या नळीतून भिंतीवरून न्या, खांबाला किंवा तुळईला खाच पाडून नाही. प्रत्येक मजल्याला वेगळं सर्किट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच), गिझर आणि एसीला स्वतंत्र लाइन. कडीपाटावरचा मातीचा थर बरेच जण वजन कमी करायला काढून टाकतात. थोडा कमी करा, पण पूर्ण काढू नका: खालची आग वर पोहोचायला तो वेळ लावतो, आवाजही अडवतो. जिना एकच आणि अरुंद असेल तर वर झोपणाऱ्यांची संख्या तो जिना ठरवील, तुमचा नफा नाही.

जे नवं घालाल ते नवंच दिसू द्या, आणि काढता येईल असं बसवा. सागवानी नक्षीच्या शेजारी फायबरची नक्षी लावण्यापेक्षा साधी सरळ फळी परवडली.

माणसं आणि पैसे

पूर्ण वाड्याचं ठोक कंत्राट देऊ नका. उघडल्याशिवाय आत काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळं ठोक दर देणारा एकतर जास्त सांगतो किंवा मधेच सोडून जातो. लाकूड आणि चुन्याची कामं रोजंदारीवर किंवा मापावर द्या, वीज-नळ ठोक. अंदाजावर चौथा हिस्सा बाजूला ठेवा. चुन्याचा जाणता गवंडी मिळाला तर त्याच्या हाताखाली गावातली दोन तरुण पोरं लावा, मजुरी तुम्ही द्या. आमच्या गवंडीकाकांनी तब्येतीमुळं काम सोडलं तेव्हा मागच्या चौकाचं काम त्या पोरांपैकी एकानं घेतलं.

दरवर्षी

मेच्या शेवटी शाकारणी: कौलं फेरणं, पन्हळीतला पाचोळा काढणं, मोऱ्यांत पाणी सोडून बघणं. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा, मनगटाएवढं झालं की भिंत उकलावी लागते. पावसात वही. दिवाळीआधी सफेदी, आणि उरलेल्या चुन्यानं छोट्या भेगा. फेब्रुवारीत एकदा स्क्रू ड्रायव्हर घेऊन सगळ्या खांबांच्या बुडाशी फिरणं. आमच्याकडं हे काम आता माझी पुतणी करते, आणि बिल्ल्याचा नंबर लिहून पुढं एकच अक्षर टाकते: ठ म्हणजे ठीक, ब म्हणजे बघायचं. गेल्या वेळी एकेचाळीस खांबांपैकी तीन ब निघाले, तिन्ही मागच्या चौकातले.